मूरफारच्या सलूनचा आरसा

मित्रांनो, मी एका सलूनचा जुना आरसा आहे. माझ्या कडांची चांदी उडाली आहे, आणि माझ्यात पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी आता एक काळा डाग दिसतो. पण माझे दिवस नेहमीच असे नव्हते.

कारखान्याच्या भट्टीतून काच होऊन बाहेर पडलो तेव्हा मी आंधळाच होतो. पाठीला चांदीचा लेप चढला आणि मला जग दिसू लागलं. गवतात गुंडाळून मला एका नव्या सलूनमध्ये आणलं. त्याच्या मालकाला सगळी गल्ली वस्ताद म्हणायची. हात इतका हलका, की गिऱ्हाईक दाढी होता होता घोरू लागायचं. "आरसा असावा तर असा," म्हणत लोक माझ्यापुढे भांग पाडायचे आणि मी फुशारून जायचो.

वस्तादांना एकच लेक. बायको लवकर गेली, म्हणून ही पोर सलूनमध्येच वाढली. पुढे शिकली, नॉर्वेला गेली, तिथल्याच एकाशी लग्न केलं. तिला मुलगी झाली, तेव्हा वस्तादांनी गिऱ्हाइकांना बळेबळे पेढ्यासारखी ती बातमी भरवली. नात फोनवर यायची, हसायची, पण बोलायची तिकडच्या भाषेत. "बाबा, पुढच्या सुट्टीत तिला आपली भाषा शिकवते," लेक म्हणायची. सुट्ट्या आल्या नि गेल्या. काम, शाळा, बर्फ, काही ना काही निघायचंच.

मग लेक आजारी पडली. एक ऑपरेशन झालं, दुसरं ठरलं. जावयाला दवाखाना सोडवेना आणि नातीला कुणापाशी ठेवावं कळेना. त्याने मोडक्यातोडक्या मराठीत फोनवर सांगितलं, की पोरीला काही दिवस तुमच्याकडे आणतो.

फोन ठेवल्यावर वस्ताद माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सहा वर्षांची पोर, आई दवाखान्यात, आणि आजोबाला तिच्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत! त्या दिवशी मी त्यांचं वय पहिल्यांदा पाहिलं.

त्यांना आठवला कप्तान. हा कप्तान म्हणजे मालवाहू जहाजावरचा आचारी. अर्धं आयुष्य नॉर्वेच्या खलाशांना जेवू घातलेला, आता घरी बसलेला. वस्तादांनी त्याला दाढीला बसवला आणि वस्तऱ्याच्या आधी प्रश्न पुढे केला.

"मला शिकव."

"अरे, मला शिव्या जास्त येतात."

"मला घरातले शब्द हवेत. आई, बाप, मूल. ती यायच्या आत हवेत."

कप्तानने त्यांचा चेहरा पाहिला आणि थट्टा आवरली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिकवणी चालायची. वस्ताद साबणाच्या वडीने माझ्याच अंगावर शब्द लिहायचे. आई म्हणजे मूर. बाप म्हणजे फार. "बाप फार, हे मात्र खरं," वस्ताद म्हणाले. आईचा बाप तो मूरफार, आणि बापाचा बाप तो फारफार. "म्हणजे मी मूरफार. आणि काका?" "उंकल." "मामा?" "उंकल." "मावशीचा नवरा?" "तोही उंकलच. मावशी, आत्या, काकू सगळ्या तांते." वस्तादांनी कपाळाला हात लावला. "आजोबा दोन प्रकारचे मोजतात आणि मामा-काका एकाच पोत्यात भरतात!"

सगळ्यात अवघड होतं बहिणीसाठीच्या 'सोस्तेर' शब्दातलं पहिलंच अक्षर. ओठ शिट्टीचे करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. वस्ताद माझ्या इतके जवळ येऊन ओठांचा चंबू करायचे, की त्यांच्या श्वासाने मला वाफ धरायची.

मग आलं व्याकरण. मूल म्हणजे बाण. लिहिताना मध्ये 'र' असतो, पण तो 'न'ला चिकटून 'ण' होतो, असं कप्तानचं म्हणणं. एक आई ती 'एन मूर', पण एक मूल ते 'एत बाण'. "मूल आपल्यातही नपुंसकलिंगीच," वस्ताद खुश झाले. "आणि 'ती आई' म्हणायचं तर?" "वेगळा शब्द नाही. शेपूट लावायचं. मूरेन. त्यापुढे 'मीन' ठेवलं की माझी, 'दीन' ठेवलं की तुझी. मूरेन मीन, माझी आई. दात्तरेन मीन, माझी लेक. लहान पोरं मूर म्हणत नाहीत हां, मम्मा म्हणतात. मम्माएन मीन."

"दात्तरेन मीन," वस्ताद पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कप्तानने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

पोर आली. जावई तिला सोडून लगेच परत गेला. ती कुणाशी बोलेना. धड जेवेना. तिच्या दोन वेण्या आईने घातलेल्या. त्या सुटून जटा होऊ लागल्या तरी ती कुणाला हात लावू देईना. गावाचे केस कापणारा माणूस, आणि नातीच्या केसांना त्याला बोट लावता येईना! वस्ताद रोज तिला उंच खुर्चीत बसवायचे आणि माझ्यातून तिच्या डोळ्यांत पाहून म्हणायचे, "याय एर मूरफारेन दीन." मी तुझा आजोबा आहे. ती खाली मान घालायची.

एकदा वैतागून ते बहिणीच्या त्या अक्षराशीच झटापट करू लागले. ओठांचा चंबू, गाल आत, डोळे मोठे. पोरीने माझ्यात पाहिलं आणि तिच्या नाकातून हसू फुटलं. मग तिने तोच शब्द हळूच, नीट म्हणून दाखवला. वस्ताद तसेच, चंबू न सोडता रडायला लागले.

त्यानंतर ती थोडंथोडं बोलू लागली. वस्तादांना दहातला एक शब्द कळायचा, पण ते दहाही शब्दांना मान डोलवायचे. एक प्रश्न मात्र ती रोज विचारायची आणि तो त्यांना अख्खा कळायचा. "वूर एर मम्माएन मीन?" माझी आई कुठे आहे? हेच शेपूट, हेच 'मीन' त्यांनी स्वतः घासून घासून पाठ केलं होतं. ते छतावरून जाणारं विमान हातांनी दाखवायचे, दवाखाना दाखवायचे, झोपलेलं माणूस दाखवायचे.

जावयाचा फोन आला तो भर दुपारी. खुर्चीत कप्तान होता, अर्ध्या गालाला फेस. वस्तादांनी फोन ऐकला, "बरं" एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकले. ऑपरेशन टेबलावरच लेक गेली होती.

बाकावर बसलेली पोर उठून समोर आली. तिने तोच प्रश्न विचारला.

वस्ताद कप्तानकडे वळले. "सांग ना. कसं म्हणायचं?"

"मी सांगतो तिला," कप्तान फेसासकट खुर्चीतून उठला.

"नको. माझी लेक आहे. मीच सांगतो. तू शब्द दे."

"नाही रे देववत."

वस्ताद गुडघ्यांवर बसले. जवळ होते तेवढेच शब्द त्यांनी गोळा केले. "मम्माएन दीन," ते म्हणाले, "एर दात्तरेन मीन." तुझी आई माझी लेक आहे. पुढे त्यांना काही येत नव्हतं. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना वाक्य 'एर'पाशीच तुटलं.

पोर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू तिने विचारलं, "वार?"

वस्तादांना तो शब्द माहीत नव्हता. त्यांनी कप्तानकडे पाहिलं.

"'होती' का, असं विचारतेय," कप्तान कसाबसा म्हणाला.

मित्रांनो, आपल्या भाषेत वार म्हणजे घाव, आणि तोच त्या म्हाताऱ्याच्या छातीवर झाला. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. पोरीने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. तिच्या हुंदक्यांना कुठल्याच भाषेचं व्याकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी तिच्या केसांतल्या गाठी एकेक करून सोडवल्या. तिने ना म्हटलं नाही. मग दोघं मिळून तिकडे गेले, लेकीला शेवटचं पाहायला. वस्ताद परतले नाहीत. पोर त्यांचा हात सोडत नाही म्हणे. आता बंद सलूनमध्ये मी धूळ खात असतो. अधूनमधून कप्तान येतो, फडकं मारतो आणि सांगतो, की दोघं एकमेकांची भाषा शिकतायत. भांडणंही होतात. बरंच आहे.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. काचेचं काय, आज ना उद्या तडकायचीच. पण तुमचं कुणी लांब असेल, तुमच्याहून वेगळं बोलणारं असेल, तर त्याचे शब्द आजच विचारून घ्या आणि तुमचे त्याला द्या. सुट्टीची वाट पाहू नका. त्या लेकीलाही वाटलं होतं, की अजून सुट्ट्या आहेत.