नाळेतली हाळी

“मावशी, अहो भाकरी करपतेय!”

बाकड्यावरचा चष्मेवाला मुलगा ओरडला, पण साळुबाई चुलीपाशी होतीच कुठे? पिठाचे हात तसेच पुढे धरून ती कड्याकडे पळत सुटली होती. खालच्या नाळेतून कुणीतरी ‘होऽऽ होऽऽ’ अशी हाळी दिली होती. कठड्याला धरून ती ओणवी झाली आणि घशात होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाली, “आलोऽऽ गाऽऽ! थांब तिथंच!”

आवाज निघाला तो घोगरा आणि फाटलेला. कठड्याच्या पलीकडेही गेला नसेल. खालून खिदळणं ऐकू आलं. मुंबईची पोरं होती. कुणी पडलं नव्हतं, कुणी अडकलं नव्हतं. साळुबाई परत आली, करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली आणि दुसरा गोळा थापायला घेतला.

“तिचं तसंच हाय पावणं,” शेजारच्या टपरीवरून सरूबाईनं चष्मेवाल्याला सांगितलं. “कुनी बी हाळी दिली की जाती.”

टपरीमागे जीप उभी होती. साळुबाईचा मुलगा समाधान ओतूर-जुन्नर वडापची, प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचा. आज तो आईला कायमची न्यायला आला होता. पेटी, गोधड्या, पाटा-वरवंटासुद्धा जीपमध्ये चढला होता. तो कड्याकडे पाठ करून बसला होता. गेली पाच वर्षं वाडीत आला की तो असाच बसायचा.

“आये, आज तरी चूल पेटवायची न्हवती.”

“पावनं उपाशी आलं. एवढ्या भाकरी व्हऊ दे, मग निघू.”

उंबरवाडी म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेला रस्ता संपतो तिथली थोडीशी घरं. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. मधून उतरते ती नाळ, म्हणजे दोन डोंगरांच्या फटीतली दगडधोंड्यांची वाट. वाडीच्या निम्म्या लेकी खाली दिलेल्या आणि निम्म्या सुना खालून आणलेल्या, त्यामुळे नाळेतून सदा जा-ये. नाळेचा एक कायदा होता. खालून हाळी आली की वरच्यानं, बाई असो की बाप्या, ‘आलोऽऽ गाऽऽ’ अशी ओ द्यायची. पुन्हा पुन्हा आली तर हातातलं काम टाकून, दोर घेऊन उतरायचं. मग हाळी देणारा भावकीतला असो की बांधावरून आपल्याला कोर्टात खेचणारा असो. वाडीत भांडणं रगड झाली, पण हाळीला ओ मिळाली नाही असं कधी झालं नव्हतं.

मग डांबरी रस्ता आला आणि त्यावरून शहरातली माणसं पावसाळ्यात डोंगर बघायला येऊ लागली. डोंगरात बघायचं काय, हे वाडीला आधी उमगेना. वाऱ्यानं धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं ते अंगावर घ्यायला लोक पुण्या-मुंबईहून येतात म्हटल्यावर, हौसेला मोल नसतं असं म्हणत वाडीनं टपऱ्या टाकल्या. साळुबाईनं पिठलं-भाकरी सुरू केली. तिचा नवरा धर्माजी पाहुण्यांना वाट दाखवू लागला. माणूस बोलका आणि थट्टेखोर. आवाज तर असा, की त्यानं कड्यावरून बैल हाकारला तर खालच्या गावातले बैल वळतात असं लोक म्हणायचे.

पोरांना हाळी शिकवली ती त्यानंच. शहरातली पोरं कड्यावर उभी राहून आपापली नावं ओरडत. धर्माजीला हसू यायचं.

“असं वरडून काय व्हतंय राव? बेंबीच्या देठापास्नं आलं पायजे. हं, म्हना, होऽऽ होऽऽ!”

पोरं म्हणायची, समोरचा डोंगर म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या. कुणीतरी दगडावर चुन्यानं ‘इको पॉइंट’ असं लिहून टाकलं. सरूबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं, “धर्मा, हाळी काय खेळायची चीज न्हाई.” धर्माजी म्हणाला, “तात्या, पोरं हायेत. वरडतील आन जातील.”

पोरं गेली, पण पुढच्या रविवारी दुसरी आली. पहिल्या पावसाळ्यात वाडी प्रत्येक हाळीला धावली. दुसऱ्या पावसाळ्यात नुसती मान वळवून बघू लागली. पुढे मान वळणंही बंद झालं. यात वाडीचं तरी काय चुकलं? धावून धावून माणूस किती धावणार!

दोन हजार तीन सालच्या आषाढात धर्माजी खाली बहिणीकडे गेला. तिच्या नातवाचं बारसं होतं. “उद्या दुपारच्याला येतो,” असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी रविवार. गर्दी इतकी, की साळुबाईला पाणी प्यायला फुरसत नव्हती. नाळेतून हाळ्या येत होत्या, नेहमीसारख्याच. त्यातली एक मात्र राहून राहून येत होती, एकाच ठिकाणाहून. जेवायला बसलेल्या एका मुलीनं विचारलंसुद्धा, “मावशी, खाली कोणीतरी मघापासून ओरडतंय. बघायचं का?”

“अगं, तुमच्यातलंच असंल कुनी. तू जेव, पिठलं गार व्हतंय.”

मुलगी जेवली. हाळी येत राहिली. मग ती दम खात खात येऊ लागली आणि दुपार कलली तेव्हा थांबली. साळुबाईनं पदरानं घाम पुसला आणि सरूबाईला म्हणाली, “गप झालं बाई येकदाचं. कान किटलं व्हतं.”

सरूबाईनं हे वाक्य कधी कुणाला सांगितलं नाही. पण साळुबाईनंच पुढे ते सगळ्यांना सांगितलं, कुणी विचारलं नाही तरी.

धर्माजी दुसऱ्या दिवशी सापडला. शेवाळलेल्या धोंड्यावरून पाय सरकून तो दोन दगडांत अडकला होता आणि नाळेतल्या ओढ्याचं पाणी चढत गेलं होतं. कड्यापासून ती जागा फार खाली नव्हती. दोर घेतलेली दोन माणसं चहा उकळेपर्यंत तिथे पोचली असती. ‘लांडगा आला रे आला’मध्ये निदान पोरगं खोटं बोललं होतं. इथे खोटं कुणीच बोललं नव्हतं. ज्या आवाजाच्या सावलीत तिनं अख्खा संसार केला तो आवाज तिला ओळखता आला नाही, कारण त्याच्याच तालमीत तयार झालेले पंचवीस गळे दरीत तस्सेच ओरडत होते. देवानं माणसाला एवढंही फसवू नये.

तेराव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हाळी आली आणि साळुबाई उठली. तेव्हापासून ती प्रत्येक हाळीला उठत होती. हळूहळू पाहुण्यांना ते कळलं. मग काही टगी पोरं तिला पळायला लावायचं म्हणून मुद्दाम हाळी देऊ लागली. तिलाही ते कळत होतं, तरी ती पळायची. समाधान चिडायचा, पाया पडायचा. शेवटी तिचा घसाच बसला. ओतूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ओरडणं बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल.” तिनं विचारलं, “मंग वरनं ओ कोन देनार?” डॉक्टरांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

गेल्या रविवारी नाळेतून हाळी देणारी दोन पोरं वर येऊन म्हणाली, “मावशी, तुमचा आवाज आज आलाच नाही.” त्या दिवशी ती समाधानला म्हणाली, “ने मला.”

शेवटची भाकरी उतरली. साळुबाईनं चुलीवर पाणी ओतलं, तवा पोत्यात गुंडाळला आणि सरूबाईचे दोन्ही हात धरले.

“सरू, हाळी आली तर बघशील न्हवं?”

“बघंन की,” सरूबाई म्हणाली. तिच्या टपरीपुढे माणसांचं कोंडाळं होतं, चहा उतू चालला होता. ती बघणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. साळुबाईनं तिचा हात दाबला आणि जीपमध्ये चढून बसली.

समाधाननं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, तेवढ्यात नाळेतून आवाज आला. ‘होऽऽ होऽऽ!’

साळुबाईचा हात दाराच्या कडीवर गेला. क्षणभर तिथे राहिला. मग तिनं तो परत मांडीवर घेतला.

“चल,” ती म्हणाली. “माझा पोचत न्हाई रं आता.”

खालून पुन्हा हाळी आली. समाधाननं आईकडे पाहिलं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज न करता ती ओ देत होती. समाधाननं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो कड्याकडे तोंड करून चालत गेला. कठड्याशी थांबला, तळवे तोंडाशी धरले.

“आलोऽऽ गाऽऽ! थांब तिथंच!”

समोरच्या डोंगरानं शब्द घेतले आणि परत पाठवले. टपऱ्यांवरच्या माना कड्याकडे वळल्या. सरूबाईनं किटली खाली ठेवली. साळुबाई जीपमधून अर्धी बाहेर वाकली होती. तो आवाज धर्माजीचा होता. या खेपेला तिनं ओळखला.

खालच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. समाधान परत आला, स्टिअरिंगवर बसला, डोळे बाहीला पुसले आणि किल्लीला हात घातला.

“थांब,” साळुबाई म्हणाली. “अजून येकदा दे.”

“आये, खाली कुनी अडाकलं न्हाई. पोरं हायेत ती.”

“ठावं हाय मला. तू दे.”

तो पुन्हा गेला. साळुबाईनं डोळे मिटले, पदराचा बोळा तोंडात धरला आणि डोंगरावरून आलेला आवाज पुरता विरून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली.