गवतातले पाय

"आधी त्याला गवतातून बाहेर काढा!" तट्टांच्या स्पर्धेत मी एका तट्टाच्या मालकावर खेकसले. जनावराची ठेवण जोखायची तर खूर पक्क्या जमिनीवर दिसायला हवेत. हा शहाणा मात्र तट्टू गुडघाभर गवतात उभं करून त्याच्या आयाळीला तेल चोपडत बसला होता.

माझ्यासोबतचा परीक्षक म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तो म्हणाला, "अगं, कशाला डोक्यात राख घालून घेतेस? मान बघ, काय डौल आहे!"

"दादा, ते मानेवर चालतं का?"

शेवटी तट्टू फरसबंद वाटेवर आलं. पुढचे दोन्ही पाय आत वळलेले, चालताना एक खूर दुसऱ्यावर आपटत होता.

"अशा पायांवर ओझं लादणार? लाज वाटू द्या जरा!"

मालक उलट माझ्यावरच उखडला. "याचा बापही असाच होता, बाई. तुमच्या दादांनीच त्याला ह्याच गवतात पहिला नंबर दिला. म्हणून तर सगळ्यांनी आपापल्या घोड्या पैदाशीला त्याच्याकडे नेल्या!"

मी रांगेतली बाकीची तट्टंही फरशीवर आणायला लावली. एकाचेही पाय सरळ नव्हते.

"दादा," मी म्हणाले, "आता तरी खाली बघ."