क्ले बॉनरची उडी

"ह्यात आहे गं," जिना उतरता उतरता वेंडेल म्हणाला. "चौथ्या रिळात. सकाळी लावून बघितलं मी."

ऑर्लीना खिडकीत तिकिटांचं भेंडोळं नीट लावत होती. तिने मान वर केली नाही. "सगळी आहे?"

"सगळी. टोपीसकट."

ड्राय फोर्कच्या पॅलेस थिएटरात ऑर्लीना टॅकेट अकरा वर्षं तिकिटं विकत होती. वेंडेल प्रुइट त्याच्याही आधीपासून वर यंत्राच्या खोलीत बसायचा. शनिवारी दुपारी हटकून घोड्यावरचा सिनेमा, आणि त्यात बहुतेक वेळा क्ले बॉनर. त्याने घोड्यावर बसून गिटार वाजवायची, तीन गाणी म्हणायची आणि मधल्या वेळात खुनी शोधून काढायचा. खुनी कोण हे पहिल्या रिळातच कळायचं म्हणा, बारीक मिशी असायची त्याला. तरी पोरं जीव मुठीत धरून बघायची.

खुन्याची माणसं मागे लागली, की क्ले बॉनर घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी मारायचा.

ती उडी क्ले बॉनरची नव्हती. ती ऑर्लीनाच्या नवऱ्याची, एर्लची होती. चेहरा दिसायचाच नाही, नुसती पाठ, आणि डाव्या हाताने घट्ट दाबलेली टोपी. टोपी उडाली असती तर एर्लचे काळे केस दिसले असते, आणि क्ले बॉनर पडला सोनेरी केसांचा!

शूटिंगच्या दिवशी घोडा पाण्यातून वर आला. एर्ल आला नाही. कंपनीचं पत्र आलं, फार चांगल्या शब्दांतलं. प्रेताच्या अंगावरचा झालरीचा शर्ट कंपनीचा होता, तो त्यांनी काढून घेतला. आणि उडी? एवढी झकास साधलेली उडी वाया कोण घालवतो! पाण्याला टेकायच्या आत ती कापली आणि त्या सिनेमात घातली. मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. एर्ल उडी मारायचा, पाण्यातून क्ले बॉनर निघायचा, टोपी झटकायचा आणि गायला लागायचा.

ऑर्लीनाने ती सात सिनेमांत पाहिली होती. पहिल्यांदा ती बाहेर जाऊन ओकली. नंतर नंतर काही वाटेनासंच झालं. रडू यावं म्हणून ती मुद्दाम मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. यायचं नाही. आपण दगड झालो, असं तिला वाटायचं आणि त्याची लाज वाटायची.

"हा शेवटचा हं," वेंडेल म्हणाला. "कंपनीने गाशा गुंडाळला. आता लोक घरी पाय पसरून त्या खोक्यात बघतात."

"माहितेय." ऑर्लीनाने भेंडोळं खाली ठेवलं. "वेंडेल, मला ती कापून दे."

"काय?"

"उडी. कापून दे मला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तीस वर्षांत धड फिल्मला कात्री लावली नाही मी. सोमवारच्या बसने ही पुढच्या गावी जायचीय."

"तुटली म्हणून सांग. तुझं यंत्र रोज काहीतरी तोडतंच."

"माझ्या यंत्राला नावं ठेवू नकोस हं."

"मग मला तो परत कधी दिसणार, सांग ना."

वेंडेलने खिशातून तंबाखूचा डबा काढला, उघडला, तसाच बंद केला. "पहिला खेळ होऊ दे," म्हणाला आणि जिना चढून गेला.

पहिल्या खेळाला चौथं रीळ लागलं तशी ती खिडकी बंद करून आत गेली. धुळीतून पाठमोरा घोडेस्वार दौडत कड्याशी आला. डावा हात टोपीकडे गेला. घोडा हवेत. मग ओला क्ले बॉनर आणि गाणं. तिला काही झालं नाही. बाहेर येऊन तिने दुसऱ्या खेळाची तिकिटं फाडायला घेतली.

दुसरा खेळ सुरू व्हायच्या जरा आधी वेंडेल खाली आला. तोच तंबाखूचा डबा त्याने तिच्यापुढे सरकवला. "नऊ फूट. मोजून सहा सेकंद. उजेडात धरलीस की दिसेल."

"बोलणी खाशील."

"खाईन. म्हातारपणी दुसरं काय चाववतंय मला?"

डबा एप्रनच्या खिशात टाकून ती सवयीने पुन्हा मागच्या भिंतीशी उभी राहिली. पोस्टमास्तरचा खून झाला, बुटाच्या चिखलावरून खुनी ओळखला गेला, मिशीवाल्याची माणसं घोड्यांवर बसली. धुळीतून पाठमोरा घोडेस्वार कड्याशी आला. डावा हात टोपीकडे गेला.

आणि क्ले बॉनर नदीकाठी, ओलाचिंब, गात होता.

"ए, उडी कुठंय?" पोरांनी एकच गिल्ला केला. शिट्ट्या, पाय आपटणं. "वेंडेल, झोपलास काय रे!"

ऑर्लीना भिंतीला टेकली. एर्लने टोपी धरली होती, आणि उडी मारलीच नव्हती. पुढच्या गावातही मारणार नव्हता. ती हळूहळू भिंतीला धरून खाली बसली आणि गाणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.

खेळ सुटल्यावर वेंडेल दिवे मालवत आला. "बघितलीस का उजेडात?"

"नाही."

"अगं मग बघ की! एवढं कापून दिलं ते कशाला?"

"नको." ती कोट घालत होती. डबा तिने एप्रनमधून काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "बघितलं की उडी मारेल तो."

आणि तिने खिशाचं बटण लावलं.