आंघोळीची आरोळी

"परत तुटलं! रोसमेरी, तूच व्हिडिओ लावलास!"

"कशावर लावू, तव्यावर? माझा मोबाइल तुझ्याच टोपलीत पडलाय. डोळे उघड की जरा!"

एदिल, माझा मोठा भाऊ. आज सगळ्यांचे मोबाइल गोळा करून पावाच्या टोपलीत घालून बसला होता. इंटरनेट एकच, आमच्यात आणि वरच्या कासिमिरा मावशीत वाटून घेतलेलं. ला पाझच्या एका नकाशावाल्या ऑफिसनं त्याला नोकरी देण्याआधी परीक्षेचं काम दिलं होतं. खाणीच्या मोजणीची भली मोठी फाइल उतरवून घ्यायची आणि तिच्यावरून नकाशा करायचा. आज दुपारी लिंक बंद होणार. परवा तुटलं, काल तुटलं, आणि तुटलं की पुन्हा शून्यापासून सुरू.

नोकरी लागली की साहेब ला पाझला. आईनं त्याच्यासाठी स्वेटर विणायलासुद्धा घेतला होता. मी शाळा सोडली तेव्हा म्हणाली, "बरं झालं, पातेलं उचलायला कुणीतरी हवंच होतं." पातेलं आपीचं. जांभळ्या मक्याचं ते गरम गोड पेय आई पहाटेपासून ओरुरोच्या बाजारात विकते, मी बाजूला बसून चीजच्या पुऱ्या तळते. आम्ही दोघी आत्ताच परतलो होतो. माझ्या केसांना अजून तेलाचा वास. आणि हा माझ्यावर ओरडतोय!

तेवढ्यात मावशी जिन्यावरून उतरली. ओल्या वेण्या, चर्चला जायचा नवा घागरा.

"माझ्याकडे काय बघतोस? मोबाइल तुझ्याकडे. मी तर आंघोळ करत होते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे शॉवरच्या तोंडातच तार असते, पाणी तिथंच तापतं, आणि वर-खाली मीटर एकच, त्यामुळे घरातली सगळी वीज ओढली जाते. म्हणून आंघोळीला जाणारा आधी ओरडतो, "आंघोळ!" मग इस्त्री बंद, किटली बंद. तरी दिवे मंद होतातच. आम्ही लहानपणापासून बघतोय, त्यामुळे कुणी वर मानही करत नाही. पण वायफायचा डबा? तो कुणाच्या खिजगणतीतच नव्हता. वीज कमी झाली की तो मरतो आणि परत जिवंत होतो. काल आणि परवा, दोन्ही दिवशी आईच्या आंघोळीच्या वेळीच तुटलं होतं.

मी एदिलला सांगितलं. तो खुर्चीतून हललासुद्धा नाही.

"मग आईला सांग, आज आंघोळ नको."

आई पातेलं पुसत होती. "नाही करत रे सोन्या. एक दिवस नाही केली तर काय मरते का?"

सोन्या! आईची बोटं गारठून तडकलेली, सगळा दिवस ती या एका गरम पाण्यावर काढते. माझ्यासाठी तिनं आंघोळ सोडली असती? मला ताप होता तेव्हाही आधी आंघोळ करून मग आली होती.

"सुरू करू नकोस इतक्यात," मी एदिलवर ओरडले. "थांब म्हणते ना!"

शेजारच्या सातुर्निनोकाकांचं मीटर वेगळं. भिंतीवरून हाक मारली.

"वीज हवी? लग्नाची रोषणाई करतेस का?" काका हसले, पण लांब वायर टाकली. ती जेमतेम अंगणातल्या खिडकीपर्यंत पोचली. वायफायचा डबा खिडकीत आणून ठेवला, त्याची पिन तिच्यात घातली, तर भोक ढिलं. सोडलं की दिवा जातो, दाबून धरलं की येतो.

"आता लाव!" मी बाहेरून म्हणाले. "आणि आई, तू जा आंघोळीला."

"अगं, पण..."

"जा म्हटलं ना!"

मग आईची आरोळी आली, "आंघोळ!" आतला दिवा पिवळा पडला. खिडकीतल्या डब्याचा दिवा मात्र पेटलेलाच. मी खिडकीखाली उकिडवी बसले, एका हातानं पिन दाबून. वारा असा की बोटं आपली वाटेनात.

"एदिल," पाण्याच्या आवाजातून आईनं विचारलं, "चालू आहे ना रे?"

"चालू आहे आई! निम्म्याच्या वर गेलं!"

"तूच शोधलंस ना काय बिघडलं ते? मला माहीत होतं, माझं लेकरू हुशार."

मी कान खिडकीला लावला. तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

"हो, जरा डोकं लावलं."

माझी बोटं सैल झाली. डब्याचा हिरवा दिवा थरथरला. नुसता हात काढायचा होता. कुणाला कळलंही नसतं. वारा म्हणाले असते, काकांची वायर म्हणाले असते. स्वेटर विणायचा राहिला असता.

बाथरूमच्या झरोक्यातून वाफ येत होती आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आत थंड होत होती. आत आई गुणगुणायला लागली. बाजारात ती कधी गुणगुणत नाही.

मी पिन पुन्हा दाबली. उजवा हात बधिर झाला होता, म्हणून डावा लावला.