एकोणीस नंबरची ढाबळ

"आजोबा, दारातून उठताय, की दारासकट उचलू?"

मुकादमाने हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा विल्फ रेनने तोंडातला पाइप काढला, त्यात तंबाखू नाही हे निवांतपणे बघून घेतलं आणि पाइप पुन्हा तोंडात ठेवला.

"दारासकट उचल," तो म्हणाला. "पण जरा बेताने. डावी बिजागरी कच्ची आहे."

मुकादमाच्या मागे पिवळा बुलडोझर धडधडत उभा होता. सोमवार होता, सकाळचे आठ वाजून गेले होते. हेझलबर्नच्या खाणकामगारांनी रेल्वेच्या रुळांपलीकडच्या या मळ्यात तीन पिढ्या बटाटे, लीक म्हणजे जाड दांड्याची कांद्याची पात, आणि कबुतरं वाढवली होती. घरं एकाला एक चिकटून, परसात धड दोरी बांधायला जागा नाही, म्हणून पाखरं इथे, घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर. आता खाण बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि मळ्यावरून नवा रस्ता जाणार होता. एकेचाळीस तुकड्यांपैकी चाळीस रिकामे झाले होते. कुंपणं उपटलेली, काचघरं उतरवलेली, आणि मधोमध एकोणीस नंबरवर विल्फची हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची ढाबळ एकटीच उभी. तिच्या दारात, उलट्या बादलीवर, विल्फ.

सोमवारी सकाळी आठला जागा मोकळी करून देईन, असं त्याने लिहून दिलं होतं. खाली सही त्याचीच होती. सही नाकारायचा त्याचा विचार नव्हता. तो फक्त उठत नव्हता.

कारण निळी अजून आली नव्हती.

निळी म्हणजे त्याची चार वर्षांची मादी. शनिवारी पहाटे सहाला फ्रान्समध्ये पेटारे उघडले तेव्हा ती इतर पाखरांबरोबर उडाली. साडेपाचशे मैल. संध्याकाळच्या चहापर्यंत ती ढाबळीत हवी होती. पण इंग्लिश खाडीवर वादळ उठलं आणि शर्यतीचे तीनतेरा वाजले. क्लबच्या त्रेसष्ट पाखरांपैकी रविवारी रात्रीपर्यंत नऊ परतली. दहावं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"अहो, तुम्हाला नवी जागा दिलीय ना?" मुकादम म्हणाला. त्याचं नाव स्टोब्स. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर कुणीतरी होतं. "तुमची बाकीची कबुतरं तिकडेच नेली म्हणे काल. मग ही पण येईल तिकडेच."

विल्फने त्याच्याकडे असं पाहिलं, की स्टोब्स उगाचच टोपी नीट करू लागला.

हीच गोष्ट नगरपालिकेच्या साहेबाला समजावताना विल्फ तीन महिन्यांपूर्वी घसा फोडून थकला होता. साहेबाने टेबलावर नकाशा पसरला होता आणि बोट ठेवून दाखवलं होतं : ही जुनी जागा, ही नवी, मध्ये ओढा, दोन मैलसुद्धा नाहीत. नवी ढाबळ विटांची, वर पत्रा, शेजारी नळ. "साहेब, नळ झकास आहे," विल्फ म्हणाला होता, "पण पाखरू नकाशा वाचत नाही. ते जिथून पहिल्यांदा उडालं तिथेच येतं. ढाबळ दोन मैल हलवा नाहीतर दोनशे, त्याला सारखंच. नव्या जागेतून सोडलं की ते इथेच येणार." साहेबाने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं : कबुतरांची पर्यायी सोय केली. त्या सोयीपायी विल्फची बावीस पाखरं काल पेटाऱ्यांतून ओढ्यापलीकडे गेली होती आणि जाळीआड बसली होती. ती आता जन्मभर जाळीआडच राहणार. पिल्लं होतील ती उडतील.

निळीलाही तिथेच ठेवायचं ठरलं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे केलं असतं तर आज ती तिथे धान्य टिपत असती. विल्फनेच घाण केली होती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पाठवू नको," शेजारच्या तुकड्यावरचा सेप हार्ल गुरुवारी म्हणाला होता. तेव्हा क्लबात पाखरांच्या पायात शर्यतीची रबरी कडी चढवणं चालू होतं. पाखरू परतलं, की तेच कडं काढून वेळ नोंदवणाऱ्या घड्याळात टाकायचं. "नोटीस सोमवारची आहे विल्फ. एखादा दिवस पुढेमागे झालं तर?"

"ती त्याच दिवशी येते. चार वर्षांत कधी रात्र बाहेर काढलीय तिने?"

"तुला काय, जाता जाता नाव लावायचंय होय?"

"लावायचंय," विल्फ म्हणाला होता. "एकोणीस नंबरची शेवटची शर्यत आहे. ती मी जिंकणार."

हौस होती. खाण गेली, युनियन गेली, आता मळा चालला. निदान जाताना क्लबच्या निकालात एकोणीस नंबर सगळ्यांच्या वर लागलेला असावा, एवढी हौस. त्या हौसेपायी त्याने घरी यायला निघालेलं पाखरू आणि घर पाडायला निघालेलं यंत्र यांच्यात शर्यत लावून दिली होती.

साडेनऊच्या सुमाराला स्टोब्सने पोलिसांना बोलावण्याची भाषा केली. सेप हार्ल तिथेच घुटमळत होता. तो पोलिसांच्या आधी हिल्डाला घेऊन आला.

हिल्डा म्हणजे विल्फची बायको. लग्न ठरलं तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, की तुझी पाखरं माझ्या घरात येणार नाहीत आणि मी त्यांच्या घरात येणार नाही. अडतीस वर्षं तिने शब्द पाळला. विल्फच्या डगल्याला येणाऱ्या वासाबद्दल ती रोज बोलली, पण मळ्याच्या फाटकाच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. आज ती चिखलातून घरातल्या सपातांनी तरातरा चालत आली. हातात फडक्यात गुंडाळलेला पाव होता.

"ऊठ," ती म्हणाली. "गावभर शोभा झाली तेवढी पुरे. सही केलीस ना? मग ऊठ."

"ती आलेली नाही."

"कशी येईल? तुलाच मिरवायचं होतं ना? सेपने सांगितलं, मी सांगितलं. ऐकशील तर शपथ! आणि आता इथे बसलायस खांबासारखा. हे खा आधी, हॅम आहे. शनिवारपासून उपाशी आहेस, मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

विल्फने पाव घेतला. खाल्ला नाही.

स्टोब्सला वाटलं, चला, सुटलो. तो पुढे झाला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा त्यांना. दोन दिवस झाले. ते पाखरू कुठेतरी मरून पडलं असेल. कशाला उगाच वाट बघायची? घेऊन जा ह्यांना घरी."

हिल्डा त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा बघून सेप हार्ल दोन पावलं मागे सरकला. तो तिला लहानपणापासून ओळखत होता.

"काय म्हणालास?"

"मी म्हटलं, दोन दिवस..."

"बावन्न साली खाणीत छत कोसळलं तेव्हा हा आत होता," हिल्डा म्हणाली. "मी खाणीच्या फाटकावर एकतीस तास उभी होते. पोटुशी होते. मॅनेजर चहा घेऊन आला, आणि अगदी अस्सं म्हणाला. अगदी ह्याच आवाजात. बाई, घरी जा, आता कुणी वर येणार नाही, कशाला उगाच वाट बघता." ती जरा थांबली. "चहा मी त्याच्या बुटांवर ओतला. तू मला काही दिलेलं नाहीस म्हणून वाचलास."

बुलडोझरवाला आपल्या खुर्चीत ताठ बसून समोर बघत राहिला.

"सरक," हिल्डा विल्फला म्हणाली. तो बादलीवरून थोडा सरकला. उरलेल्या अर्ध्या बादलीवर ती बसली आणि तिने एकोणीस नंबरचं दार अडवलं. नाक मुरडून तिने ढाबळीत नजर टाकली. "निदान झाडतोस तरी स्वच्छ," ती म्हणाली. "घरी कधी केरसुणी धरली नाहीस ती."

दोन म्हाताऱ्यांना बादलीसकट उचलण्याची छाती स्टोब्सला झाली नाही. त्याने वर विचारलं, पुन्हा विचारलं आणि येऊन सांगितलं, "पाच वाजेपर्यंत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

पाचपर्यंत ती दोघं आळीपाळीने आभाळाकडे बघत बसली. कावळे आले, रानकबुतरं आली, एकदा एक विमान गेलं. चार वाजता विल्फ मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच आहे, हिल्डा." ती म्हणाली, "आहेच. वर बघ."

पाच वाजले. बुलडोझरवाल्याने यंत्र सुरू केलं. विल्फ उठला आणि त्याने हात वर केला.

"तू नाही," तो म्हणाला. "मी उभी केली, मीच उतरवतो."

खाणीतल्या जुन्या लाकडांच्या आणि पाडलेल्या प्रार्थनाघराच्या दारांच्या त्या ढाबळीचा एकेक खिळा त्याने कटावणीने काढला. सेप आला, नव्या जागेतून आणखी दोघं आले, हात लावू लागले. सात वाजता तिथे मोकळी जमीन होती. फळ्या सेपच्या हातगाडीवर गेल्या. एक फळी मात्र विल्फने कुणाला दिली नाही. पाखरू शर्यतीवरून आलं, की याच फळीवर उतरतं आणि समोरच्या फटीतून आत शिरतं. ती फळी खांद्यावर टाकून तो घरी गेला.

मंगळवारी सकाळी आठला स्टोब्स आला तेव्हा एकोणीस नंबरच्या जागी शिडी उभी होती. शिडीवर विल्फ. फळी त्याने शिडीच्या टोकाला बांधली होती, बरोबर पूर्वीच्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून. अंगात तोच मळका तपकिरी डगला, कारण दुसरा कपडा पाहून पाखरू बुजतं. शिडीच्या पायाशी हिल्डा, या वेळी बूट घालून.

"आजोबा, हे ठरलं नव्हतं हां!" स्टोब्स ओरडला.

"ठरलं होतं ते ढाबळीचं. ढाबळ दिसतेय का तुला?"

"मग हे काय आहे?"

"मी आहे. मला पाडायचं कुठे लिहिलंय ते दाखव."

स्टोब्सने कपाळाला हात लावला. मग बुलडोझरवाल्याला खूण केली, की कडेने काम चालू ठेव. दिवसभर यंत्र मळ्याची माती खरवडत फिरलं. सेपचे लीकचे वाफे गेले, वायव्य कोपऱ्यातली करवंदासारखी काळी बोरं देणारी झुडपं गेली, पायवाट गेली. दुपारपर्यंत सगळीकडे पिवळी माती उघडी पडली आणि मधोमध ढाबळीएवढा चौकोन तेवढा शिल्लक राहिला. हिल्डाने विल्फला तीनदा खाली ये म्हटलं, मग म्हणायचं सोडून दिलं आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

तीनला थोडा वेळ होता तेव्हा निळी आली.

ती वरून झेपावत आली नाही. रुळांच्या बाजूने, तारांच्या खालून, कशीबशी आली. शेपूट जवळजवळ नव्हतंच, छातीवर वाळलेलं रक्त होतं. ससाण्याच्या तावडीतून सुटली असावी. मळ्यावर येताच तिने एक फेरी मारली. मग दुसरी. खाली तिच्या ओळखीचं काही नव्हतं. ती रुळांकडे वळून निघाली तशी विल्फने दाण्याचा डबा हलवला आणि शीळ घातली, पण यंत्राच्या आवाजात डबा त्याचा त्यालाच ऐकू येईना. तेवढ्यात यंत्र बंद झालं. बुलडोझरवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शांततेत डबा खुळखुळला. निळी माघारी फिरली आणि फळीवर उतरली.

दमल्यामुळे तिची चोच उघडी होती. विल्फ जागचा हलला नाही. ती फळीवरून दोन पावलं चालली, फट असायची त्या जागी आली आणि नेहमीसारखं डोकं खाली घालून आत शिरायला गेली. आत काही नव्हतं. ती कडेवर थांबली. मान वळवून तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा डोकं खाली घालून आत शिरायचा प्रयत्न केला.

विल्फच्या गळ्यातून एक आवाज निघाला. अडतीस वर्षांत हिल्डाने तो कधी ऐकला नव्हता. तिने शिडी आणखी घट्ट धरली.

दोन्ही हातांनी निळीला उचलून तो एकेक पायरी खाली उतरला. शर्यत रविवारीच संपली होती, क्लबात घड्याळं उघडून झाली होती, निकाल भिंतीवर लागला होता. तरी त्याने तिच्या पायातलं रबरी कडं काढून मुठीत घेतलं.

"किती वाजले?" त्याने यंत्राकडे बघून विचारलं.

"दोन पन्नास," बुलडोझरवाला म्हणाला.

"अठ्ठेचाळीस," स्टोब्स म्हणाला. तो स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. "उतरली तेव्हा अठ्ठेचाळीस झाले होते. मी बघितलंय."

"क्लबात येऊन सांगशील?"

स्टोब्सने नवीन रस्त्याच्या खुणेच्या खुंट्यांकडे पाहिलं, मग चिखलाने भरलेल्या आपल्या बुटांकडे. "सांगेन," तो म्हणाला.

विल्फने निळीला डगल्याच्या आत छातीशी घेतलं. हिल्डाने फळी सोडवून काखेत मारली. शिडी नंतर नेऊ म्हणाली. स्टोब्सने कडेची वाट दाखवली, पण विल्फ त्या वाटेने गेला नाही. तो बुलडोझरच्या पात्यासमोरून, उघड्या पिवळ्या मातीवरून, आपल्या नेहमीच्या चालीने निघाला, आणि गुडघे दुखत असल्यामुळे ती चाल चांगलीच सावकाश होती. यंत्र थांबून राहिलं.

फाटकापाशी येईपर्यंत निळी गप्प होती. फाटक ओलांडताना मात्र तिने मान डगल्याबाहेर काढली आणि मागे वळून सगळ्या जोराने पंख मारू लागली. विल्फने तिला घट्ट धरलं. मग हाताचा पंजा तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि ओढ्याचा पूल येईपर्यंत काढला नाही.