आप्पासाहेबांच्या होडीतला गॅस

बजाजनगरात हनुमानचं शेगड्या दुरुस्तीचं दुकान होतं. बाप मेंढरं राखायचा, हनुमानची बावीस वर्षं मात्र बर्नर आणि रेग्युलेटर खोलण्यात गेली. फेब्रुवारीत त्याला आप्पासाहेबांचा फोन आला. हे सिल्लोडकडचे बागायतदार. पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांनी पैठणच्या नाथसागरात एक मोठी होडी सोडली होती. होडीच्या पोटात छोटं स्वयंपाकघर होतं. तिथल्या शेगडीचा जाळ मंदावून विझायचा.

हनुमान दुपारी पोचला. स्वयंपाक करणाऱ्या सारजाबाईंनी त्याला खाली नेलं.

"वास येतो का, मावशी?"

"उभं राहिलं की नाय येत. भांडी घासायला खाली बसलं की येतो."

त्यानं रेग्युलेटर तपासला, बर्नरचं भोक सुईनं साफ केलं. जाळ तसाच. मग मागच्या कप्प्यातल्या सिलिंडरपासून तो पाइपावर हात फिरवत आला. मधल्या फळीच्या भोकात पाइप दबला होता, आणि होडी हलून हलून तिथंच घासून चिरला होता. साबणाचं पाणी लावताच फुगे आले.

"पुरा पाइप बदलावा लागंल," तो आप्पासाहेबांना म्हणाला. "एवढा लांब माझ्याजवळ नाय. परवा आणतो. तोवर सिलिंडर बंद ठेवा."

"उद्या सकाळी आठला पाहुणे येणारेत. उद्यापुरतं काहीतरी कर."

"घरात गळती झाली तर दारं उघडता येतात. हा गॅस जड असतो, साहेब. इथं तो तळाशी साचून राहतो."

"बावीस वर्षं झाली ना तुला या धंद्यात? मग?"

हनुमाननं चाकू काढला. चिरलेला तुकडा कापून त्यानं दोन्ही टोकं पितळी जोडावर चढवली, क्लिपा आवळल्या. पाइप आखूड पडून ताणला गेला. पण साबणाच्या पाण्याला फुगे आले नाहीत, जाळही निळा, मोठा झाला. सारजाबाईंनी हात जोडले. जोड कच्चा आहे, हे त्यांना सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. तो न सांगताच निघाला.

पहाटे वारा सुटला, होडी हेलकावे खाऊ लागली. सातला सारजाबाईंनी चहा करून शेगडी बंद केली. अजून पोहे करायचे होते, म्हणून सिलिंडर चालूच होता. तळातलं पाणी उपसायला त्यांनी मोटारीचं बटण दाबलं, ठिणगी पडली आणि होडीच्या पोटात भडका उडाला. पाहुणे अजून किनाऱ्यावर यायचे होते.

हनुमान घाटी रुग्णालयात गेला, तेव्हा भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर सारजाबाईंची लेक रत्नमाला बसली होती.

"आई सारखी विचारतीय, शेगडी बंद करायची राहिली का माझ्याकडनं? तुम्हाला काय वाटतं, मिस्त्री?"

"आई कशी आहे?" एवढंच त्यानं विचारलं. तेवढ्यात आलेल्या आप्पासाहेबांनी त्याला जिन्यापाशी नेलं.

"शेगडी बंदच होती, तुझा जोड सुटला होता. जळका पाइप मी पाण्यात टाकून दिलाय. बाईनं शेगडी चालू ठेवली, असं पोलिसांना सांगितलंय. तूही तेच सांग."

तिसऱ्या दिवशी सारजाबाई वारल्या. हनुमान दोन दिवस दुकानात शटर ओढून बसून राहिला. मग पैठणच्या ठाण्यात जाऊन त्यानं सगळं सांगितलं: चीर, ताणलेला पाइप, जिन्यापाशी झालेलं बोलणं. हवालदारानं दोनदा विचारलं, "हा जबाब द्यायला कुणी दबाव आणलाय का?" त्यानं नाही म्हटलं आणि जबाबावर सही केली. गुन्हा दोघांवरही दाखल झाला.

जामिनावर सुटल्यावर तो रत्नमालाच्या घरी गेला. ती दारातच उभी राहिली.

"शेगडी तुझ्या आईनं बंद केली होती," तो म्हणाला. "जोड माझा सुटला."

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग तवाच सांगायचं की." तिचा आवाज चढला नाही. "माझंच चुकलं म्हणत गेली ती."

तिनं दार लोटून घेतलं.