नजर कुठे होती?

रिक्स्टने लहानपणीचे सात उन्हाळे कालव्यात घालवले, आणि तेही पोहण्यासाठी नव्हे. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या तिच्या गावात पोरं काठीवरून कालवा ओलांडायला शिकतात. धक्क्यावरून पळत जायचं, पाण्यात उभी असलेली दहा-बारा मीटरची काठी पकडायची, ती पलीकडे कलेपर्यंत सरसर वर चढायचं आणि समोरच्या वाळूत उडी टाकायची. रिक्स्टची काठी मध्येच थबकायची, बाजूला झुकायची, आणि ही धपकन पाण्यात. पंधराव्या वर्षी तिने तो नाद सोडला.

पुढे ग्रोनिंगनच्या विद्यापीठात माणसाच्या हालचालींचं शास्त्र शिकायला गेली. तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा तिने तीन विषय तिच्या मार्गदर्शक वेनेमाबाईंपुढे ठेवले. बाईंनी तिन्ही बाजूला सारले.

"चालणं, जिने चढणं, तोल सांभाळणं... यावर ढीगभर लिहून झालंय. तुला स्वतःला काय कळत नाही, ते सांग."

"मी पाण्यातच का पडायचे, ते," रिक्स्ट बोलून गेली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कशी पडायचीस? नीट सांग."

त्या तासाभराच्या बोलण्यातून विषय निघाला: काठीवर चढताना माणूस नेमका कुठे बघतो? प्रयोगशाळेत नजर टिपणारा चष्मा होता. तो गावी न्यायची परवानगी मिळाली, पण सामान सांभाळणाऱ्या गृहस्थांनी बजावलं, "हा पाण्यात पडला, तर मागोमाग तूही उडी मारायचीस."

म्हणजे न पडणारा माणूस हवा होता. असा एकच तिच्या डोळ्यांपुढे आला, दुर्ककाका. वय अठ्ठावन्न, सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि गेली तीस वर्षं गावातल्या पोरांचे काठीचे गुरू. ती गेली तेव्हा ते जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापत बसले होते. पाय काठीवर घसरू नयेत म्हणून त्या पावलांना बांधतात.

"कुठे बघायचं, हे शोधायला विद्यापीठ लागतं होय?" ते म्हणाले. "मला विचार की. वाळूकडे बघायचं. आणखी कुठे?"

"मग तेच लिहीन. पण चष्मा घालून तीन उड्या मारा."

"आणि केस विस्कटले तर?"

"काका, केस आहेत कुठे?"

शनिवारी सकाळी त्यांनी चष्मा डोक्याला पट्ट्याने घट्ट आवळला आणि तीन उड्या मारल्या. तिन्ही कोरड्या. मग दोघं कालव्याकाठच्या शेडमध्ये लॅपटॉपपुढे बसले. पडद्यावर काकांना दिसलेलं दृश्य पळत होतं, आणि त्यावर एक लाल ठिपका.

"हा ठिपका कसला?"

"तुमची नजर."

ठिपका आधी काठीवर होता. मग झपकन वर गेला, काठीच्या टोकावर, आणि ते चढत होते तोवर तिथेच चिकटून राहिला. काठी पुरती कलली, तेव्हा कुठे तो वाळूवर उतरला.

"यंत्र बिघडलंय," काका म्हणाले.

तिने दुसरी उडी दाखवली, मग तिसरी. ठिपका प्रत्येक वेळी टोकावरच.

"तीस वर्षं मी पोरांना सांगतोय, वाळूकडे बघा म्हणून."

"मलाही सांगितलंत," रिक्स्ट म्हणाली. "मी बघायचे."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं. काकांनी जाकीट उचललं, चेन वर ओढली आणि निघून गेले.

सोमवारी तिने वेनेमाबाईंना घडलेलं सांगितलं. आवाजात थोडा विजय होता. बाईंनी तो लगेच उतरवला. "एक माणूस म्हणजे एकच माणूस. आणि तू पडायचीस त्याला तुझ्या दंडांत ताकद नसणंही कारण असेल. आणखी माणसं बघ."

तिने आणखी चौघांना चष्मा घातला. दोघांची नजर टोकावर होती. सित्स्के नावाची मुलगी सगळा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती. आणि चौथा पठ्ठ्या पहिल्यापासून वाळूकडे बघत होता, आणि सगळ्यांत लांब तोच गेला. रिक्स्टने कपाळाला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. उलट असं कोडं तिला तीन वर्षांत भेटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारात दुर्ककाका उभे. गाडी पकडून एकटेच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"राग नाही आलेला," ते बसता बसता म्हणाले. "म्हणजे आला होता. पण मला एक सांग. त्या तिन्ही उड्या मला आठवतात. चढताना समोर वाळू दिसत होती, अगदी तिच्यातले पायाचे ठसेसुद्धा. डोळे टोकाकडे होते, तर मग ती वाळू मी पाहिली कशाने?"

रिक्स्टने शेजारी बसलेल्या वेनेमाबाईंकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "कडेच्या नजरेने असेल. किंवा उतरल्यावर पाहिलेलं मनाने आधीच्या क्षणात नेऊन बसवलं असेल. कसं तपासायचं, सांगा बघू."

"वाळूवर काहीतरी ठेवा," काका म्हणाले. "मला न सांगता. रंगीत रुमाल. चढता चढताच रंग ओरडून सांगतो."

तिघं दुपारभर कागदावर रेघोट्या मारत बसले. कॉफी गार झाली.

रुमालाचा प्रयोग मे महिन्यात झाला. सहापैकी चार वेळा काकांनी रंग बरोबर सांगितला, दोनदा चुकीचा, आणि चुकीचाही तितक्याच खात्रीने. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर रिक्स्टने लिहिलं की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'छान. आता पुढे?'

दुर्ककाका आता धक्क्यावरून 'वाळूकडे बघा' असं ओरडत नाहीत. पोर उडी मारून आलं की आधी टॉवेल देतात आणि विचारतात, "कुठे बघत होतास?" उत्तर काहीही येवो, मान डोलावतात, आणि पुढच्या उडीला दुसरीकडे बघायला सांगतात.